घोटा आखडलाय? पोटरी ताणण्याआधी या चुका टाळा

कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की शाहू स्टेडियमवर तालमींच्या संघांची गर्दी उसळते. खेळणारी बरीच पोरं दिवसभर नोकरी-धंदा सांभाळून संध्याकाळी सरावाला येणारी. घोटा मुरगळला की दोन आठवडे क्रेप बँडेज, सूज उतरली की पुन्हा बूट. पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच होते. सूज गेली म्हणजे घोटा बरा झाला, असं नसतं. दुखणं थांबल्यावरही तो पुढच्या बाजूला पूर्ण वाकत नाही. मग धावताना अचानक थांबणं, वळणं, उडी मारून खाली येणं या सगळ्यात पाऊल आतल्या बाजूला कोसळतं आणि भार गुडघ्यावर येतो.

आखडलंय की नाही हे अंदाजाने ठरवू नका, मोजा. अनवाणी, भिंतीकडे तोंड करून उभे राहा. पायाचा अंगठा भिंतीपासून थोडा लांब ठेवा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा. टेकला तर पाऊल आणखी मागे घ्या. टाच जमिनीवर राहून गुडघा जेमतेम टेकतो, तिथे अंगठा आणि भिंत यांमधलं अंतर पट्टीने मोजा. साधारण 10 सेंटिमीटर असेल तर चांगलं. पण त्याहून महत्त्वाचा आहे दोन्ही पायांतला फरक. मुरगळलेल्या पायाचं अंतर दुसऱ्यापेक्षा किमान दोन सेंटिमीटरने कमी असेल तर काम बाकी आहे. मोजताना गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत पुढे जायला हवा. तो आत वळला आणि तळव्याची कमान दबली की आकडा वाढतो, घोटा मात्र तेवढाच राहतो. ही फसगत मी सारखी पाहतो, म्हणून बाजूला एक जण लक्ष ठेवायला उभा करा.

आता खरा प्रश्न: वाकताना अडतंय कुठे? मागे पोटरीत ताण जाणवत असेल तर स्नायू आखडलाय. घोट्याच्या पुढच्या बाजूला चिमटा बसल्यासारखं होत असेल तर अडचण सांध्यात आहे. पाऊल वर येताना घोट्यातलं टॅलस नावाचं हाड थोडं मागे सरकावं लागतं. मुरगळल्यानंतर हे सरकणं अनेकदा कमी होतं. वर्षानुवर्षं चेंडूला लाथ मारणाऱ्यांच्या घोट्यात पुढच्या कडेला हाडाची वाढही होते. अशा वेळी जोर लावून पोटरी ताणत राहिलं तर चिमटा वाढतो, दुसरं काही होत नाही. इथे फिजिओथेरपिस्टचा हात लागतो. ते टॅलसला हाताने मागे सरकवतात, किंवा पट्टा लावून तुम्हालाच गुडघा पुढे न्यायला सांगतात. चिमटा बसत असेल तर व्हिडिओ बघून घरी रबर बँड ओढत बसू नका, आधी दाखवा.

पोटरीच आखडली असेल तर काम सोपं आहे, पण तिथेही अर्धंच केलं जातं. सगळे गुडघा सरळ ठेवून ताणतात. पोटरीचा वरचा स्नायू गुडघ्याच्या वरून निघतो, म्हणून तो तसा ताणला जातो. त्याच्याखालचा सोलियस मात्र गुडघा वाकवल्यावरच नीट ताणला जातो. दोन्ही करा, प्रत्येकी 30 सेकंद, तीन-चार वेळा, रोज. सोबत पायरीच्या कडेवर उभं राहून टाच हळूहळू खाली सोडण्याचा व्यायाम घ्या. त्याने लांबी आणि ताकद दोन्ही मिळतात. व्यायामानंतर लगेच पुन्हा भिंतीपाशी मोजा. काही आठवडे नेटाने करूनही आकडा हलत नसेल तर व्यायाम चुकीचा निवडलाय.

सामन्याच्या तोंडावर मिनिटा-मिनिटाचे लांब ताण मात्र टाळा. त्याने काही काळ पायातला जोर कमी होतो. तेव्हा हलतं-फिरतं वॉर्मअप हवं. फिफाचा ‘11+’ हा साधारण 20 मिनिटांचा कार्यक्रम हौशी संघांनाही जमण्यासारखा आहे.

उलट बाजूही सांगतो. घोटा वारंवार मुरगळतो, पण भिंतीच्या मोजणीत दोन्ही पाय सारखेच? मग तो आखडलेला नाही, बहुधा ढिला आहे. त्याला ताण नको, एका पायावर तोल सांभाळणं आणि बाहेरच्या बाजूच्या स्नायूंची ताकद हवी.

आणि मुरगळल्या मुरगळल्या कुणाकडून घोटा चोळून किंवा ‘बसवून’ घेऊ नका. चार पावलंही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांवर मागच्या कडेला किंवा टोकाला, पावलाच्या बाहेरच्या कडेला मधोमध वर आलेल्या हाडावर, नाहीतर आतल्या बाजूला कमानीच्या वरच्या हाडावर दाबल्यावर कळ येत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून एक्स-रे काढा. व्यायामाचं त्यानंतर बघू.