लेथवरचे काका पुन्हा बोलू लागले
भोसरीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी मशीन आली आणि लेथवरचे, म्हणजे हाताने चालवायच्या कातकामाच्या मशीनवरचे जुने काका गप्पच झाले. सांगितलं तेवढंच काम, सुट्टी झाली की डबा उचलून घरी. मी त्यांना आधी बाहेरच्या दोन दिवसांच्या कोर्सला पाठवलं. स्लाइड बघून ते आणखीच मिटले. मग रोज अर्धा तास शिकण्यासाठी मशीनपाशीच ठेवला. पोरांनी काकांना सीएनसीत ऑफसेट, म्हणजे टूलच्या मापाचा फरक सांगणारा आकडा टाकायला शिकवायचं, काकांनी पोरांना मायक्रोमीटरवर ०.०१ मिमी वाचायला आणि नुसत्या आवाजावरून टूल बोथट झाल्याचं ओळखायला. आधी दाखवायचं, मग करून घ्यायचं, मग एकट्याला करू द्यायचं. हा अर्धा तास पगारी धरला. त्याशिवाय कुणी मनापासून थांबलं नसतं. तिसऱ्या आठवड्यात काका स्वतःहून म्हणाले, "साहेब, पार्ट पकडायचं हे फिक्स्चर बदलूया का?"