सागाच्या जड्या आणण्याआधी

जड्या, म्हणजे सागाच्या रोपांचे वर-खाली छाटलेले मुळासकट खुंट, मृगात लावायच्या असल्या तरी तयारी होळीलाच सुरू करा, आणि सुरुवात रोपवाटिकेतून नको, तलाठ्याकडून करा. आमच्या चोपड्याकडच्या जुन्या धाब्याच्या घरांच्या तुळया-कड्या सातपुड्यातल्या सागाच्या. आता तो डोंगर आपला लाकूडखाना राहिला नाही. १२ डिसेंबर १९९६च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशापासून मंजूर कार्य आयोजनेशिवाय, म्हणजे वनखात्याच्या तोड-लागवडीच्या आराखड्याशिवाय, जंगलातली तोड बंद आहे. चौकटीचं लाकूड बांधावरच पिकवायचं.

म्हणून आधी बांध कुणाचा ते मोजून घ्या. वीस वर्षांनी झाड जाड होतं, भाऊबंदकीही होते. लावल्यावर ई-पीक पाहणीत, म्हणजे सातबाऱ्यावर पीक चढवायच्या मोबाईल अॅपमध्ये, झाडांची नोंद करा. साग १९६४च्या झाडतोड नियमन कायद्यात येतो, त्यामुळे स्वतःचं झाड तोडायलाही परवानगी लागते, आणि लाकूड हलवायला वाहतूक पास. त्या वेळी सातबाऱ्यावर झाडच नसेल तर हेलपाटे ठरलेले. बांबूचं बरं आहे, २०१७ साली तो भारतीय वन कायद्यातल्या 'झाड' या व्याख्येतून निघाला.

मग जमीन बघा. तापीकाठच्या खोल काळ्या रानात पाणी साचतं, तिथे साग रुसतो. मुरमाड, निचऱ्याची पट्टी त्याला द्या. अगदी उघड्या माळाला अंजन. वाढतो सावकाश, पण पाला बकऱ्यांना होतो. सलग लावायचा तर २ बाय २ मीटरने एकरी हजार झाडं बसतात. मात्र विरळणी, म्हणजे वाढत्या झाडांतली मधली काढून टाकायची छाती नसेल तर एवढी लावू नका.

'दहा वर्षांत कोटी' छापलेल्या पत्रकाला मी एकदा भुललो होतो. बाराव्या वर्षी एक झाड पाडलं तर बाहेर सगळं पांढरं लाकूड, गाभा मुठीएवढा. सुतारमामा म्हणाले, "चौकट विसर, मांडवाला खांब कर." तेव्हापासून हिशोब टेपने करतो. घेर इंचात, त्याचा चौथा भाग, त्याचा वर्ग, गुणिले फुटातली लांबी, भागिले १४४. छत्तीस इंच घेराचा दहा फुटी ओंडका साडेपाच घनफुटांच्या थोडा वर भरतो.

जड्या अंगठ्याएवढ्या जाड घ्या आणि लावेपर्यंत ओल्या गोणपाटात, सावलीत ठेवा. पहारीने भोक पाडून जडी सरळ सोडा अन् भोवतालची माती टाचेने घट्ट दाबा. आत पोकळी राहिली की पाणी साचतं आणि जडी कुजते.