पिस्तुलाचा बोअर कसा निवडावा: जवळ बाळगायला कोणता, नेमबाजीला कोणता

रेंजवर नवा आलेला माणूस पहिल्या अर्ध्या तासात हमखास विचारतो, "सर, नाइन एमएम चांगली की फोर्टी-फाइव्ह?" मी उलट विचारतो, "लायसन्स कसलं आहे?" बहुतेकदा लायसन्स नसतंच, मोबाइलवर पाहिलेले अमेरिकन व्हिडिओ तेवढे असतात. तिथला माणूस दुकानात जाऊन हवा तो बोअर, म्हणजे हव्या त्या मापाच्या नळीचं शस्त्र, उचलतो. आपल्याकडे निम्मी निवड कायद्यानेच करून ठेवलेली आहे, तेव्हा सुरुवात तिथूनच करू.

पहिली पायरी: कायद्याची चाळणी लावा

शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ यांच्या चौकटीत बोअरचे दोन गट पडतात: प्रतिबंधित आणि अप्रतिबंधित. ९ मिमी, ०.३८ आणि ०.४५५ हे लष्कर-पोलिसांच्या वापरातले बोअर प्रतिबंधित गटात येतात आणि त्यांचा परवाना केंद्रीय गृह मंत्रालयाच्या हातात असतो. सामान्य अर्जदाराने तो विचार सोडलेला बरा. अप्रतिबंधित बोअरसाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि आयुक्तालय असलेल्या शहरांत पोलीस आयुक्तांकडे अर्ज करायचा. बाजारात प्रत्यक्ष मिळणारं आणि परवडणारं पाहिलं, तर हातात ०.३२ आणि ०.२२ हे दोनच उरतात. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, त्यामुळे "आधी एक घेऊ, मग बघू" हे धोरण महागात पडतं.

दुसरी पायरी: आकडा वाचा, नावावर जाऊ नका

बोअर म्हणजे ढोबळमानाने नळीच्या आतला व्यास, इंचात किंवा मिलिमीटरमध्ये. ०.२२ म्हणजे ५.६ मिमी, ०.३२ म्हणजे सुमारे ७.६५ मिमी. पण नावं फसवी असतात. 'अडतीस'च्या काडतुसातली गोळी प्रत्यक्षात ०.३५७ इंचाची असते.

त्याहून मोठा घोळ बत्तीसचा आहे, कारण बत्तीस एक नाही, दोन आहेत. रिव्हॉल्व्हरचं 'थर्टी-टू लाँग', त्याची पितळी पुंगळी २३ मिमी लांब. पिस्तुलाचं 'थर्टी-टू एसीपी' (ऑटोमॅटिक कोल्ट पिस्तूल), त्याची १७ मिमीची. माझ्या ओळखीच्या एका वकिलांकडे रिव्हॉल्व्हर. दुकानात जाऊन "बत्तीसची द्या" म्हणाले, दुकानदाराने पिस्तुलाची दिली. घरी आल्यावर काडतूस आखूड दिसलं म्हणून त्यांनी फोन केला, हे नशीब. परवान्यावर नोंद झालेली, माल परत घ्यायला दुकान तयार नाही, परवान्यावरच्या काडतुसांच्या वर्षाच्या कोट्यातला एक तुकडा असाच गेला. तेव्हा दुकानात बोअर सांगू नका, काडतुसाचं पूर्ण नाव सांगा आणि बुडावरचा शिक्का वाचून घ्या. तिथे 'केएफ' अक्षरं दिसली तर माल आपल्या खडकीच्या कारखान्यातला.

तिसरी पायरी: ताकद आणि धक्का एकत्र तोला

नेहमीच्या काडतुसांचे साधारण आकडे असे. ०.२२ ची गोळी २.६ ग्रॅमची, नळीतून सुटताना ऊर्जा १३० ज्यूलच्या आसपास. थर्टी-टू लाँगची सव्वासहा ग्रॅमची, १५० ज्यूलच्या घरात; एसीपीची थोडी हलकी पण वेगवान, १७० ज्यूल. ९ मिमीची ८ ग्रॅमची आणि ४९० ज्यूल. ०.४५ एसीपीची जवळजवळ १५ ग्रॅमची, म्हणजे वजन दुप्पट होत आलं, तरी ऊर्जा ५०० ज्यूलच. कारण वेग कमी.

जड गोळी बरी की हलकी आणि वेगवान, हा वाद अमेरिकेच्या एफबीआय या तपास संस्थेला तीस वर्षं पुरला. १९८६ मध्ये मायामीच्या चकमकीत दोन एजंट मारले गेले, तेव्हा खापर फुटलं ९ मिमीच्या गोळीवर. मग त्यांनी १० मिमी आणलं, ते झेपेना म्हणून ०.४० आलं आणि शेवटी स्वारी परत ९ मिमीवरच. दरम्यान गोळ्या सुधारल्या होत्या, आणि कमी धक्क्याच्या बोअरने त्यांच्याच माणसांचा नेम अधिक लागत होता.

धक्का मात्र बोअरवरून अर्धाच कळतो. बाकीचा अर्धा शस्त्राच्या वजनावर ठरतो. कानपूरच्या कारखान्याने २०१४ मध्ये काढलेली 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर अर्ध्या किलोची. २५ मीटर स्पर्धेची पिस्तुलं १४०० ग्रॅमपर्यंत चालतात. तेच थर्टी-टू लाँग काडतूस सव्वा किलोच्या पिस्तुलातून झाडलं तर मनगटाला टपली बसल्यासारखं वाटतं. अर्ध्या किलोच्या रिव्हॉल्व्हरमधून झाडलं तर तळहाताला झिणझिण्या येतात. पर्समध्ये मावणारं शस्त्र हातात नेमकं आडमुठं निघतं ते यामुळेच.

चौथी पायरी: नेमबाजीसाठी खालून वर चढा

सुरुवात एअर पिस्तुलाने, ४.५ मिमीचा छर्रा आणि १० मीटर अंतर. या बोअरच्या २० ज्यूलपर्यंतच्या एअर पिस्तुलाला शस्त्र परवाना लागत नाही, आणि छर्रे स्वस्त. दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा ११.५ मिमी असल्यामुळे ट्रिगर ओढताना केलेली लबाडी लगेच कागदावर उमटते.

नंतर ०.२२. महिलांची २५ मीटर पिस्तूल आणि पुरुषांची रॅपिड फायर दोन्ही याच बोअरवर चालतात. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तुलाचं सुवर्ण मिळवलं, ते याच पिटुकल्या काडतुसावर. या २५ मीटर पिस्तुलाच्या रॅपिड टप्प्यात निशाण तीन सेकंद समोर येतं, सात सेकंद पाठ फिरवतं. त्या तीन सेकंदांत हात वर आणून एक गोळी.

सेंटर फायर प्रकारात (काडतुसाच्या बुडाच्या मध्यावर ठोका बसतो तो) ७.६२ ते ९.६५ मिमी बोअर चालतो. मग मोठं भोक पाडणारा घेऊ, म्हणजे रेष शिवून वरचा गुण मिळेल, असा हिशेब पोरं करतात. तो चुकीचा आहे. गुण मोजताना सगळ्यांना एकच मापक लावतात. म्हणून जाणती मंडळी बत्तीस लाँगच घेतात, तेही सपाट डोक्याच्या गोळीचं, जी कागदात पंचिंग मशीनसारखं स्वच्छ भोक पाडते.

पाचवी पायरी: जवळ बाळगायचं असेल तर

०.२२ इथे बाद. ताकदीपेक्षाही कारण असं की या काडतुसाचा बार पेटवणारं स्फोटक बुडाच्या कडेत भरलेलं असतं, आणि अशी काडतुसं 'फुस' होण्याचं प्रमाण जास्त. उरलं बत्तीस. रिव्हॉल्व्हर की पिस्तूल? काडतूस नाही उडालं तर रिव्हॉल्व्हरचा चाप पुन्हा ओढला की पुढचं घर समोर येतं. पिस्तुलाला दोन्ही हात लागतात. महिन्यातून एकदाही सराव न करणाऱ्याला मी रिव्हॉल्व्हर सुचवतो. परवान्यावर क्षेत्र जिल्हा, राज्य की देश, ते तपासा. होल्स्टरमधून शस्त्र मिरवायला काढू नका. लग्नात हवेत बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि निवडणुका लागल्या की शस्त्र जमा करण्याची नोटीस येऊ शकते, जमा केल्याची पावती जपून ठेवा.

शेवटची पायरी: विकत घेण्याआधी झाडून बघा

प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, कानाला मफ आणि डोळ्याला चष्मा लावून, रेंजच्या शस्त्रांतून प्रत्येक बोअरच्या वीस-वीस गोळ्या एकाच अंतरावर झाडा. पहिल्या पाच गोळ्या विसरा, शेवटच्या पाच बघा. उजव्या हाताने नेम धरत असाल आणि त्या पाच खाली डावीकडे घसरल्या असतील, तर धक्का बसण्याआधीच तुम्ही दचकताय. खात्री करायची असेल तर रिव्हॉल्व्हरमध्ये प्रशिक्षकाला दोन-तीन झाडलेल्या रिकाम्या पुंगळ्या मिसळायला सांगा आणि चक्र फिरवून शस्त्र हातात घ्या. रिकाम्या घरावर चाप ओढल्यावर नळी खाली झुकली की उत्तर मिळालं. अर्ज करताना त्याहून हलका धक्का देणारं काही तरी लिहा.