कोळसा खाणीचं पाणी तपासताना नुसत्या पीएचवर विसंबू नका

खाणीच्या तोंडाशी पाणी अगदी नितळ दिसतं आणि थोडं पुढे वाहत गेलं की ओढ्याचा तळ केशरी होतो. कोळशातल्या आणि लगतच्या खडकातल्या पायराइटला (लोह आणि गंधकाचं खनिज) हवा-पाणी मिळालं की सल्फ्युरिक आम्ल आणि विरघळलेलं फेरस लोह तयार होतं. हे लोह जवळजवळ रंगहीन असतं. हवा लागल्यावर ते गाळ होऊन बसतं आणि बसताना आणखी आम्ल सोडतं. त्यामुळे उगमाशी पीएच 6 च्या वर असला तरी निर्धास्त राहू नका.

नमुना पाणी बाहेर पडतं तिथेच घ्या, पण जुन्या बोगद्यात शिरू नका. आत ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड साचलेला असू शकतो, आणि वासावरून ते कळत नाही. पीएच मीटर त्याच दिवशी 4 आणि 7 च्या बफरवर (पीएच ठाऊक असलेल्या द्रावणावर) जुळवून न्या. पीएच, तापमान, विद्युतवाहकता आणि विरघळलेला ऑक्सिजन जागेवरच मोजायचे. बाटली प्रयोगशाळेत पोचेपर्यंत कार्बन डायऑक्साइड उडून पीएच वर जातो, किंवा लोह बसून खाली येतो. दोन्ही आकडे चुकीचेच.

अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल मारण्याची क्षमता, हीसुद्धा तिथेच काढा. 100 मिली पाण्यात 0.02 नॉर्मल सल्फ्युरिक आम्ल थेंबाथेंबाने सोडून पीएच 4.5 वर आणा. जितके मिली लागले, त्याला 10 ने गुणलं की कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात मिलिग्रॅम प्रति लिटर मिळतात.

धातूंसाठी पाणी 0.45 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा आणि मगच नायट्रिक आम्ल टाकून पीएच 2 च्या खाली न्या. हा क्रम उलटला तर तरंगता गाळ आम्लात विरघळतो आणि विरघळलेलं लोह म्हणून मोजला जातो. एकूण धातूंसाठी दुसरी, न गाळलेली पण आम्ल घातलेली बाटली ठेवा. सल्फेट-क्लोराइडसाठी तिसरी बाटली: गाळलेली, आम्लाविना, काठोकाठ भरून 4 अंश सेल्सिअसला. फेरस लोह शक्यतो जागेवरच फेनँथ्रोलिन या अभिकर्मकाने मोजा. नायट्रिकच्या बाटलीतून मोजू नका, त्यात त्याचं ऑक्सिडीकरण होतं.

आता मुख्य हिशोब: धातू बसताना सुटणारं आम्लही धरून एकूण आम्लता, अल्कलिनिटीच्याच एककात. प्रत्येक धातू मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये धरून:

आम्लता = 50 × (2 × फेरस लोह ÷ 56 + 3 × फेरिक (ऑक्सिडीकरण झालेलं) लोह ÷ 56 + 3 × अॅल्युमिनियम ÷ 27 + 2 × मँगनीज ÷ 55 + 1000 × 10^−पीएच)

समजा पीएच 6.3, अल्कलिनिटी 100 आणि फेरस लोह 80 आहे, बाकी धातू नगण्य. आम्लता साधारण 143 येते. अल्कलिनिटीतून ती वजा केली की उरतात उणे 43. म्हणजे आज जवळपास उदासीन दिसणारं हे पाणी लोह पूर्ण बसल्यावर आम्लधर्मी होणार. उपचाराची टाकी केवळ पीएच बघून आखली असेल तर ती इथेच फसते.

पाणी उदासीन असूनही सल्फेट भरपूर निघालं, तर पायराइट झिजतंय आणि वाटेतला चुनखडक आम्ल मारतोय, असा अंदाज बांधता येतो. तळावरचा रंगही वाचा: केशरी म्हणजे लोह, पांढरा बुळबुळीत थर बहुधा अॅल्युमिनियमचा, काळा मँगनीजचा.

प्रवाह मोजल्याशिवाय या आकड्यांना फारसा अर्थ नाही. लहान धारेला बादली आणि घड्याळ पुरतं. मोठीला 90 अंशांच्या व्ही खाचेची फळी लावा: प्रवाह (घनमीटर प्रति सेकंद) = 1.38 × खाचेच्या टोकापासून पाण्याची उंची (मीटर) चा 2.5 वा घात. उंची खाचेच्या थोडं मागे मोजा, कारण खाचेजवळ पाण्याची पातळी घसरते. 10 सेंटिमीटर उंचीला सुमारे 4.4 लिटर प्रति सेकंद मिळतात. वरच्या पाण्यात 80 मिलिग्रॅम लोह होतं, म्हणजे रोज 30 किलोच्या आसपास लोह ओढ्यात जातंय.

अहवाल हाती आला की धन आणि ऋण आयनांची बेरीज ताळून पाहा. फरक 5 टक्क्यांत असावा, 10 च्या वर गेला तर फेरतपासणी मागा. आम्लधर्मी पाण्यात हायड्रोजन, लोह आणि अॅल्युमिनियम धन बाजूला धरायचं राहून जातं, आणि मग प्रयोगशाळेला उगाच दोष दिला जातो.

एकाच नमुन्यावर निष्कर्ष काढू नका. कोरड्या काळात खडकावर जमलेले सल्फेटचे क्षार पहिल्या जोरदार पावसात एकदम धुऊन येतात, तेव्हाचा नमुना हवाच. पाण्याने भरलेल्या शाफ्टमध्ये (खाणीच्या उभ्या विवरात) वरचं पाणी पावसाचं आणि तळाचं खाणीचं असू शकतं. तिथे वेगवेगळ्या खोलीवर वाहकता मोजून मगच नमुन्याची खोली ठरवा.