दोन तासांत प्रकल्पासाठी संदर्भ कसे शोधावेत

विषय ठरलाय आणि दोन लेक्चरांच्या मधला वेळ हाताशी आहे, असं धरून चालते. ‘आधी भरपूर वाचा, मग दिशा सापडेल’ हा सल्ला ऐकू नका. परीक्षा तोंडावर असलेल्या मुलाला तो परवडत नाही.

सुरुवातीला मराठी विश्वकोशातली नोंद वाचा. ती ऑनलाइन मिळते.

मग शब्द जमवा. मी इथेच दोन दिवस घालवले होते. विषय होता १९७२चा महाराष्ट्रातला दुष्काळ. ओपॅकवर, म्हणजे ग्रंथालयाच्या संगणकावरच्या सूचीत, देवनागरीत ‘दुष्काळ’ टाकलं तर एकही पुस्तक आलं नाही. मराठी शीर्षकं तिथे रोमन लिपीत नोंदलेली होती. मग इंग्रजीत ‘फॅमिन’ टाकलं, तर आले ते सगळे ब्रिटिशांच्या काळातले अहवाल. कारण फार उशिरा कळलं: महाराष्ट्राने १९६३मध्ये कायदा करून राज्यातल्या कायद्यांतून ‘फॅमिन’ हा शब्दच वगळला होता. त्यानंतरच्या सरकारी कागदांत शोधायचं ते ‘स्कॅरसिटी’, टंचाई.

म्हणून संगणकापुढे बसण्याआधी वहीत सहा-सात शब्द लिहाच: दुष्काळ, अवर्षण, टंचाई, दुष्काळी कामं, रोजगार हमी, ड्रॉट, स्कॅरसिटी. मराठी शब्द दोन्ही लिप्यांत टाकून बघा. रोमनमध्ये ‘का’ला एक ‘ए’ की दोन, हे नोंद करणाऱ्यावर असतं, तेव्हा तेही बदलून बघा. अख्खा प्रश्न टाइप करू नका. एक नेमकं पुस्तक सापडलं की त्याच्या नोंदीतली विषयशीर्षकं उतरवून घ्या आणि पुढचा शोध त्यांनीच करा. माझ्या मते या एका सवयीने निम्मा वेळ वाचतो.

बोधांक, म्हणजे पुस्तकाची कपाटातली जागा सांगणारा क्रमांक, लिहून घ्या आणि कपाटाकडे जा. ड्यूई वर्गीकरणात, म्हणजे विषयाला आकडा देऊन पुस्तकं लावायच्या पद्धतीत, दुष्काळ एका जागी नसतो: हवामान म्हणून ५५१, मदतकार्य म्हणून ३६३, इतिहास म्हणून ९५४. तिन्ही ठिकाणी शेजारची पुस्तकंही चाळा.

अडलात तर ग्रंथपालांना विचारा, पण ‘दुष्काळावर काही आहे का’ असं नको. ‘१९७२च्या दुष्काळी कामांवरच्या मजुरीचे आकडे हवेत’ असं विचारा. नेमकं विचारलं की माणूस खुर्चीतून उठून तुमच्याबरोबर येतो.

शोधगंगेवर, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या पीएच.डी. प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, प्रबंध उघडलात तर आधी शेवटची संदर्भसूची बघा.

पुस्तक परत ठेवण्याआधी शीर्षकाचं पान, त्यामागचं पान आणि वापरलेल्या मजकुराचा पृष्ठक्रमांक यांचे फोटो घ्या.