सेंट्रल लाइनचा संसर्ग टाळण्यासाठी आयसीयूत काय करावे

सेंट्रल लाइन म्हणजे मोठ्या शिरेत घातलेली बारीक नळी. तिच्यामुळे औषध हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत थेट पोहोचते. मात्र निष्काळजीपणा झाल्यास त्याच वाटेने जंतूही रक्तात शिरतात. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी २००१ मध्ये यासाठी पाच मुद्द्यांची तपासणी यादी लागू केली. हात धुणे, क्लोरहेक्झिडीन या जंतुनाशकाने त्वचा स्वच्छ करणे, रुग्णाला पूर्ण निर्जंतुक चादरीने झाकून स्वतः टोपी, मास्क, गाऊन व हातमोजे घालणे, शक्यतो जांघेतील शीर टाळणे आणि गरज संपताच लाइन काढणे, हे ते पाच मुद्दे. पुढे हीच पद्धत मिशिगन राज्यात राबवली गेली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, तेथील सहभागी आयसीयूंमध्ये दर हजार लाइन-दिवसांमागील (एका रुग्णाला एक दिवस लाइन असणे म्हणजे एक लाइन-दिवस) संसर्गाचे मध्यक प्रमाण २.७ वरून तीन महिन्यांत शून्यावर आले.

यातील एकही मुद्दा डॉक्टरांना नवा नव्हता. म्हणून नुसती यादी भिंतीवर चिकटवू नये. लाइन घालताना सिस्टरने यादी हातात घेऊन शेजारी उभे राहावे आणि एखादी पायरी चुकल्यास, तातडीची वेळ नसेल तर, काम तिथेच थांबवावे. माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे आणि सर्वांत अवघडही, कारण वरिष्ठ डॉक्टरांना टोकण्याची आपल्याकडे सवय नाही. त्यामुळे हा अधिकार विभागप्रमुखांनी सर्वांसमोर, लेखी द्यावा आणि थांबवणाऱ्या सिस्टरच्या पाठीशी उभे राहावे.

लागणारे सर्व साहित्य एकाच ट्रॉलीवर ठेवावे. गाऊन एका कपाटात आणि चादर दुसऱ्या खोलीत असेल, तर घाईत पायरी गाळली जातेच. क्लोरहेक्झिडीन लावल्यावर त्वचा पूर्ण कोरडी होऊ द्यावी, ती पुसू नये. लाइन बसल्यानंतर प्रत्येक इंजेक्शनपूर्वी हब, म्हणजे लाइनचे सिरिंज जोडायचे तोंड, स्पिरिटच्या स्वॅबने घासून वाळू द्यावा. पारदर्शक ड्रेसिंग सात दिवसांनी व गॉजचे दोन दिवसांनी बदलावे. ओले झाले किंवा सुटले तर लगेच.

सकाळच्या राउंडमध्ये प्रत्येक खाटेपाशी "ही लाइन आज लागणार आहे का?" हे मोठ्याने विचारावे. उत्तर नाही असेल, तर काढण्याची ऑर्डर तिथेच लिहावी. संध्याकाळवर ढकलू नये.