पहिली थ्रीडी शॉर्टफिल्म करताय? कॅरेक्टर अपेंड करू नका

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये सगळे नवशिके करतात तो डोनट झालाय, वॉक सायकल (चालीचं आवर्तन) जमलाय, आणि आता डिप्लोमासाठी किंवा पोर्टफोलिओसाठी स्वतःची फिल्म करायची आहे, अशांसाठी हे लिहितेय. माझी फिल्म अजून रेंडरला आहे, म्हणजे फ्रेम्सची अंतिम चित्रं निघतायत, त्यामुळे यशोगाथा वगैरे इथे मिळणार नाही. मॉडेलिंग, लायटिंग, शेडर यांवर ढिगानं ट्युटोरियल्स आहेत. पण तीसेक शॉट्सची फिल्म फाइलींमध्ये कशी मांडायची, यावर कोणी धड बोलत नाही आणि निम्मे विद्यार्थी तिथेच गळतात.

माझी गोष्ट साधी आहे. एसटी स्टँडवर गाडीची वाट बघणारी नऊवारीतली आजी आणि तिच्या पिशवीतली कोंबडी. तीन मिनिटं, संवाद शून्य. संवाद मुद्दाम टाळले. पहिल्याच फिल्ममध्ये लिप-सिंक घ्यायचा हट्ट असेल तर तुमची मर्जी, पण मग रडत येऊ नका.

अ‍ॅनिमॅटिक (चित्रं जोडून केलेला फिल्मचा कच्चा व्हिडिओ) करा हे सगळेच सांगतात, म्हणून फार लांबवत नाही. एवढंच, की त्याला आवाज लावा. मी स्टँडवर जाऊन मोबाइलवर रेकॉर्डिंग केलं: अनाउन्समेंट, रिव्हर्स घेणाऱ्या गाडीमागची शिट्टी, कंडक्टरची डबल घंटी. घंटीवर कट घेतला आणि जो शॉट आठ सेकंद हवाच असं वाटत होतं तो तीन सेकंदांत बसला. पाच सेकंद वाचले म्हणजे, सेकंदाला 24 धरून, 120 फ्रेम्स वाचल्या.

आता नऊवारी. क्लॉथ सिम्युलेशनच्या फंदात पडू नका. काष्टा आणि निऱ्या मी सरळ शरीराच्या मेशबरोबर (थ्रीडी आकाराच्या जाळीबरोबर) मॉडेल केल्या, आणि पदराला रिगच्या (कॅरेक्टर हलवणाऱ्या सांगाड्याच्या) चार-पाच हाडांची साखळी दिली. लांबून बघायला उत्तम. भानगड झाली ती आजी डोक्यावरचा पदर सावरायला हात वर करते तिथे. हात खांद्याच्या वर गेला की दंडाचा मेश पदरातून बाहेर डोकवायचा आणि काखेत कागद चुरगळल्यासारखी घडी पडायची. ज्यांनी वेट पेंटिंग (कोणतं हाड मेशला किती ओढणार ते रंगवून ठरवणं) केलंय त्यांना हे चित्र डोळ्यांसमोर येईल. उपाय माहीत होता: खांद्याचे वेट्स मऊ करायचे, आणि हात वर गेला की आपोआप लागू होणारी करेक्टिव्ह शेप की (मेशचा दुरुस्त केलेला आकार) बसवायची. तास-दोन तासांचं काम.

पण तोवर आजी प्रत्येक शॉटच्या फाइलमध्ये अपेंड झालेली होती.

हे नीट समजून घ्या, मी थोडं जास्तच पाल्हाळ लावणार आहे. अपेंड म्हणजे झेरॉक्स. मूळ फाइलमधलं कॅरेक्टर शॉटच्या फाइलमध्ये उतरतं आणि दोघांचा संबंध संपतो. मूळ आजीचा खांदा दुरुस्त केला तरी शॉट 7 मधल्या आजीला पत्ता नसतो, शॉट 19 मधलीलाही नसतो. प्रत्येक फाइल उघडून तीच दुरुस्ती पुन्हा करायची. वर दर वेळी हात थोडा वेगळा पडतो, म्हणजे एका कटवर खांदा गोल आणि पुढच्या कटवर टोकदार. अपेंड मोहात पाडतं कारण ते पहिल्या दिवशी सोपं जातं: क्लिक केलं, कॅरेक्टर आलं, पोझ दिली, झालं. लिंकला एक पायरी जास्त असते आणि ती पायरी न कळल्यामुळेच बहुतेक जण अपेंडकडे वळतात.

ती पायरी अशी. आजीची वेगळी फाइल ठेवा. तिच्यात मेश, रिग, पदर, पिशवी सगळं एका कलेक्शनमध्ये (ऑब्जेक्ट्सच्या गटात) असू द्या. शॉटच्या फाइलमध्ये जाऊन फाइल मेन्यूतून लिंक निवडा आणि ते कलेक्शनच घ्या, सुटे ऑब्जेक्ट नाही. आजी येईल, पण हलणार नाही. इथेच सगळे घाबरतात. तिला सिलेक्ट करून ऑब्जेक्ट मेन्यूत लायब्ररी ओव्हरराइड, मग मेक. आता रिगला पोझ देता येते, पण मेश आणि वेट्स मूळ फाइलमधूनच येत राहतात. खांदा तिथे एकदा दुरुस्त करून सेव्ह केला की प्रत्येक शॉट पुढच्या वेळी उघडताना नवा खांदा घेऊनच उघडतो. जुन्या ट्युटोरियल्समध्ये याच जागी ‘प्रॉक्सी’ करायला सांगतात. ती पद्धत आता गेली, तो व्हिडिओ बंद करा.

लिंक केल्यावरही पाय घसरायच्या जागा आहेत. ब्लेंडर लिंक शोधतं ती नावावरून. मूळ फाइलमध्ये कलेक्शनचं नाव बदललंत तर शॉटमधली आजी गायब. हाडाचं नाव बदललंत तर त्या हाडाचं अ‍ॅनिमेशन तिथल्या तिथे मरतं, कारण कीफ्रेम्स (पोझ नोंदवलेल्या फ्रेम्स) हाडाच्या नावालाच बांधलेल्या असतात. म्हणून अ‍ॅनिमेशनला हात घालण्याआधी नावं एकदाच ठरवा आणि मग ती दगडावर कोरलीत असं समजा. शॉट्स ज्या फाइलला लिंक आहेत तिच्या नावात ‘व्ही 12’, ‘फायनल’, ‘फायनल खरंच’ असलं काही घालायचं नाही. त्या फाइलचं नाव कायम एकच. जुन्या आवृत्त्या शेजारच्या फोल्डरमध्ये कॉपी करून ठेवा.

आणि पाथ, म्हणजे फाइलचा पत्ता! अख्खा प्रोजेक्ट एका फोल्डरमध्ये ठेवा आणि पाथ रिलेटिव्ह (शॉटच्या फाइलच्या जागेपासून मोजलेले) करून घ्या, म्हणजे पाथच्या सुरुवातीला दोन तिरक्या रेघा दिसतात. विंडोजवर आजी डी ड्राइव्हला आणि शॉट पेन ड्राइव्हवर असला तर रिलेटिव्ह पाथ होतच नाही. घरी सगळं छान दिसतं, लॅबमध्ये टेक्श्चर भडक गुलाबी होतं आणि सरांसमोर तोंड दाखवायला जागा राहत नाही.

ज्यांनी आधीच अपेंड करून ठेवलंय त्यांनी हे वाचून हातपाय गाळू नका. अ‍ॅनिमेशन वाया जात नाही. ते अ‍ॅक्शन म्हणून वेगळं साठवलेलं असतं. त्याच शॉटमध्ये नवी आजी लिंक करा, ओव्हरराइड करा आणि जुन्या रिगची अ‍ॅक्शन नव्या रिगला द्या. ब्लेंडर 4.4 पासून अ‍ॅक्शनमध्ये स्लॉट (कोणत्या वस्तूचं अ‍ॅनिमेशन ते सांगणारे कप्पे) आलेत, तेव्हा स्लॉटही बरोबर निवडला गेलाय का ते बघा. हाडांची नावं तीच असतील तर आजी उठून चालायला लागते. कन्स्ट्रेंट्स (एका वस्तूला दुसरीशी बांधणारे नियम) मात्र पुन्हा लावावे लागतात, आणि हातातली पिशवी निसटलेली असते. कंटाळवाणं काम आहे, पण डोकं लागत नाही. गाणी लावून बसा.

शॉर्टकटबद्दल माझी मतं ठाम आहेत. रिगिफाय (ब्लेंडरमधलंच रिग तयार करून देणारं अ‍ॅड-ऑन) वापरा, बिनधास्त वापरा. ‘स्वतःचं रिग केलं नाही तर शिकलीस काय’ म्हणणाऱ्यांपैकी एकाचीही फिल्म पूर्ण झालेली मी पाहिलेली नाही. पण मिक्सामो या वेबसाइटवरचं तयार चालणं उचलून आजीला चिकटवू नका. तरण्याबांड माणसाची चाल आणि गुडघे धरलेल्या बाईची चाल यांत वजन पायावर येण्याची वेळच वेगळी असते. घरातल्या आजीला विनंती करा, ओट्यापासून दारापर्यंत चालायला लावा, बाजूनं शूट करा. माझ्या आजीनं त्यासाठी साडी बदलून आणि पावडर लावून शूटिंग दिलं!

गुरूबद्दलही सांगते. तुमच्या हातातून माउस काढून घेऊन ‘हे बघ असं करायचं’ म्हणणारा माणूस शॉट सुधारतो, तुम्हाला नाही. ब्लॉकिंग स्टेप्ड असतानाच, म्हणजे नुसत्या मुख्य पोझेस असतानाच, बघायला मागणारा, ‘हिला नक्की काय हवंय इथे?’ असं विचारणारा भेटला तर त्याला सोडू नका, मग तो सिनियर दादा का असेना. ‘100 टक्के जॉब गॅरंटी’चा बोर्ड लावणाऱ्या क्लासची फी भरण्याआधी तिथल्या गेल्या बॅचच्या पूर्ण झालेल्या फिल्म्स बघायला मागा. नुसत्या शोरील (निवडक तुकडे) नाही, फिल्म्स. टाळाटाळ झाली की जिना उतरा. ज्यांना आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन स्कूलमध्ये किंवा अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेत जायचंय त्यांनी तर सॉफ्टवेअरचं टेन्शन सोडाच. सीड आणि डॅट या प्रवेश परीक्षांत रेखाटन आणि विचार बघतात, ब्लेंडरची बटणं नाही.

रेंडरचा हिशोब अ‍ॅनिमॅटिक लॉक झालं त्याच दिवशी करा. तीन मिनिटं गुणिले 24 म्हणजे 4320 फ्रेम्स. सायकल्स या ब्लेंडरच्या संथ रेंडर इंजिनमध्ये एका फ्रेमला चार मिनिटं धरली तर 288 तास, म्हणजे अखंड 12 दिवस, आणि त्यात महावितरणची कृपा धरलेली नाही. ईव्ही या त्याच्या वेगवान इंजिनमध्ये तीच फ्रेम काही सेकंदांत निघते. ईव्ही म्हणजे गरिबाचा रेंडर असं कोणी म्हणालं तर त्याला सांगा, 2025 मध्ये ऑस्कर मिळालेली लॅटव्हियाची ‘फ्लो’ ब्लेंडरमध्ये, ईव्हीवरच रेंडर झालेली आहे. तिच्यातही एक शब्द संवाद नाही, हे जाता जाता.

थेट व्हिडिओ फाइलमध्ये रेंडर करू नका. मध्येच लाइट गेली तर एमपीफोर उघडणारसुद्धा नाही. पीएनजी किंवा ईएक्सआर चित्रांची सीक्वेन्स काढा, म्हणजे गेली तर एक फ्रेम जाईल. लॅबमधली दोन-तीन मशीन्स मिळत असतील तर फाइल सगळीकडे एकाच शेअर्ड फोल्डरवरून उघडा, आउटपुट सेटिंगमध्ये ओव्हरराइट बंद आणि प्लेसहोल्डर्स (जागा धरणाऱ्या रिकाम्या फाइली) चालू करा. मग प्रत्येक मशीन दुसऱ्यानं न घेतलेली फ्रेम उचलतं. लॅब असिस्टंटना आधी विचारून ठेवा आणि मॉनिटरवर ‘रेंडर चालू आहे, बंद करू नये’ अशी चिठ्ठी चिकटवा, कारण रात्री वॉचमन काका इमानेइतबारे मेन स्विच पाडतात. पडलाच तर पुन्हा सुरू करण्याआधी फोल्डर साइजप्रमाणे लावा आणि शून्य केबीच्या फाइली डिलीट करा. त्या राहिल्या तर ब्लेंडरला वाटतं ती फ्रेम झालेली आहे, आणि ते तिला ओलांडून पुढे जातं.